जुन्या किचन कपाटांना पॉलिश किंवा रंग करायला किती खर्च येतो? की सगळं काढून नवीनच करावं?

तुम्ही लिहिलंय की साताऱ्यातल्या फ्लॅटमधली किचनची कपाटं पंधरा वर्षांची झालीत, पॉलिश करायचा विचार आहे, पण इंटिरियरवाला म्हणतो "जुन्यावर पैसे घालू नका, सगळं काढा." त्याचं ऐकू नका. त्याला पॉलिशमध्ये काय सुटणार आहे? नवीन किचनमध्ये सुटतं, म्हणून तो तसं म्हणतो.

आकडे सांगते. आमच्या सांगलीत मला मागे सांगितलेले दर माल-मजुरी धरून असे होते: साधा ऑइल पेंट तीस-चाळीस रुपये चौरस फूट, चापड्याचं (म्हणजे लाखेचं) स्पिरिट पॉलिश पन्नास-साठ, मेलामाइन (त्याहून टणक, चकचकीत पॉलिश) शंभर ते एकशेचाळीस, आणि पीयू (पॉलियुरेथेन, सगळ्यात महागडं फिनिश) तीनशेच्या पुढे. साताऱ्यात थोडं मागंपुढं होईल. समजा १० फुटी ओटा आहे, खाली सव्वादोन फूट उंचीची शटरं आणि वर २ फुटी, म्हणजे समोरचं माप ४२-४३ चौरस फूट. पण पॉलिशवाला दोन्ही बाजू मोजतो, तेव्हा ते ८५ होतं. १२० च्या दराने मेलामाइन धरलं तर १०,२०० रुपये. भांडणं होतात ती इथेच. आपण एका बाजूचं गणित मनात धरलेलं असतं आणि तो बिल दोन्ही बाजूंचं देतो. बिजागऱ्या, हँडल, लांबी (पुट्टी) भरायचं काम वेगळं.

आता त्या "जुन्यावर पैसे घालू नका" बद्दल. हे वाक्य मी आमच्या घरात २०१७ पासून ऐकते आहे, म्हणून तुमचा प्रश्न बघून राहवलं नाही.

आमचं घर गावभागात, म्हणजे सांगलीच्या कृष्णेकाठच्या जुन्या वस्तीत. एकाच घराचे दोन भाग, एकात आम्ही, एकात धाकटे दीर. दोन्हीकडची स्वयंपाकघरं सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, करून घेतलेली: कडप्प्याचे कप्पे, त्यांना सागवानी चौकटीची शटरं, पितळी बिजागऱ्या. भाऊजींनी २०१७ मध्ये त्यांच्या बाजूचं सगळं काढलं आणि मॉड्युलर केलं. चकचकीत मरून रंग, वर उचलली जाणारी शटरं, दोन लाखांच्या वर खर्च. पाहुणा आला की आधी किचन दाखवायचे. मला म्हणाले, "वहिनी, अण्णांचं म्युझियम किती दिवस सांभाळणार?" मी काही बोलले नाही. चहा मात्र त्या दिवशी त्यांना बिनसाखरेचा गेला.

मग २०१९ चा ऑगस्ट. सांगलीबाहेरच्यांसाठी सांगते, आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वेळी पाणी ५७ च्या वर गेलं. आम्ही विश्रामबागेत नणंदेकडे होतो. परत आलो तेव्हा दोन्ही स्वयंपाकघरांत ओट्याच्या वर, भिंतीवर गाळाची सरळ रेघ उमटली होती.

भाऊजींचं किचन पार्टिकल बोर्डचं होतं, म्हणजे लाकडाचा भुसा आणि गोंद दाबून केलेली फळी. ती चहात विसरलेल्या टोस्टसारखी फुगली होती. वरचा मरून पापुद्रा शाबूत आणि आतून भुसा बाहेर आलेला. शटर उघडायला गेलं की बिजागरी हातात यायची, स्क्रूला धरायला काही उरलंच नव्हतं. दोन दिवसांत ते सगळं किचन रस्त्यावर, गाद्या आणि सोफ्यांच्या ढिगात.

आमच्याकडे कडप्पा पाइपने धुतला, झालं. दगड तो, त्याला काय होणार? शटरं मात्र आम्ही उतरवली. मी ती गच्चीवर उन्हात टाकणार होते, पण आमच्या मिस्त्रींनी अडवलं. म्हणाले, "बाई, उन्हात पिळतील. सावलीत आडवी ठेवा, खाली विटा द्या, वारं खालून पण जाऊ दे." तशी ठेवली आणि अधूनमधून उलटत राहिलो. गणपती शटरांविनाच बसले. ओट्याखाली जुन्या साडीचा पडदा, त्यामागे कुकर आणि डबे. मोदक त्याच स्वयंपाकघरात झाले. नवरात्र गेलं, दिवाळी गेली, तेव्हा कुठे मिस्त्री म्हणाले की आता लाकूड सुकलं, पॉलिशवाल्याला बोलवा. पुरात भिजलेल्या लाकडावर घाईने पॉलिश मारलं असतं तर आतल्या ओलीने ते महिन्यात पांढरं पडलं असतं. गल्लीत काहींचं पडलंच.

एक गोष्ट मला माहीत नव्हती. बिजागऱ्या पितळेच्या होत्या, पण कधीतरी कुणीतरी त्यांना लोखंडी स्क्रू मारले होते. त्या प्रत्येक स्क्रूभोवती सागवानावर शाईसारखा काळा डाग पडला होता. सागवानात टॅनिन असतं, ओलाव्यात लोखंडाशी त्याची गाठ पडली की लाकूड काळं पडतं. घासून तो डाग जाईना. मग पॉलिशवाल्याने गरम पाण्यात ऑक्झॅलिक ॲसिड विरघळवलं, ब्रशने डागावर लावलं, थोड्या वेळाने धुतलं आणि परत लावलं. हळूहळू काळं फिकट होत गेलं आणि खालून सागाची रेषा वर आली. (हातमोजे घालूनच करायचं काम आहे हे, घरी खेळ म्हणून करू नका.) मग घासकाम, आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर, नंतर १२०, १८०, शेवटी ३२०. मग लाकडाची छिद्रं बुजवणारा सीलर. त्यावर मेलामाइनचे हात. स्क्रू सगळे नवे, पितळी. खालच्या दोन शटरांतली मधली पॅनेलं कमर्शियल, म्हणजे साध्या प्लायची होती, ती पानापानांनी सुटली होती. ती बदलली. सगळं मिळून वीस हजारांच्या आत भागलं.

भाऊजींनी परत मॉड्युलरच केलं. या वेळी कुठलासा ओलावा-रोधक बोर्ड, पहिल्यापेक्षा महाग. मी म्हटलं, ओलावा रोधणं वेगळं आणि चार-पाच दिवस पाण्यात बुडणं वेगळं. म्हणाले, "वहिनी, पूर काय रोज येतो?"

रोज नाही आला. २०२१ च्या जुलैत आला. पाणी वाढायला लागल्याबरोबर आमच्या ह्यांनी स्क्रू काढून सगळी शटरं वरच्या मजल्यावर नेली. कडप्पा राहिला पाण्यात. भाऊजींचं किचन खालीच राहिलं, कारण ते उचलून नेता येत नाही. पुढचं लिहीत नाही, घरातले लोक हे वाचतात.

तेव्हा तुम्हाला माझं सांगणं: आधी शटर आणि आतला सांगाडा कशाचा आहे ते बघा. सांगाडा कडप्प्याचा किंवा चांगल्या प्लायचा असेल तर पॉलिश किंवा नवा सनमायका, डोळे मिटून. पार्टिकल बोर्ड असेल आणि सिंकखालची कड फुगलेली असेल तर त्यावर पीयू मारणं म्हणजे पैसे वाया, तिथे इंटिरियरवाल्याचं बरोबर आहे. (एवढं कबूल करते, पुढे भाऊजींना दाखवू नका.) टोचून बघा, सिंकखाली आणि गॅसच्या सिलिंडरमागे. तिथे चाकूचं टोक आत गेलं नाही तर बाकीचं बहुतेक ठीक असतं.

सनमायकाचं म्हणाल तर शीट ८ बाय ४ ची, म्हणजे ३२ चौरस फूट. वर धरलेल्या ४२-४३ फुटांच्या समोरच्या मापाला दोन लागतील, तुकडे वाया जातात ते धरून. जुना सनमायका उचलून नवा चिकटवायचा की त्यावरच चढवायचा, हे मिस्त्री सांगेल. जुना हलत असेल तर चढवू देऊ नका. आणि रंग असो की पॉलिश, गॅससमोरची शटरं आधी धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने पुसून घ्या, मग स्वच्छ पाण्याने. फोडणीच्या तेलाचा थर राहिला की वरचा पीयू कितीही महागाचा असो, पोपडे येतात. बरेच पॉलिशवाले हे करत नाहीत, थेट घासायला बसतात, आणि तेल पेपरने आणखी आत जातं.

काम पावसाळ्यात धरू नका. साताऱ्याची हवा तर आमच्यापेक्षा जास्त दमट, स्पिरिट पॉलिश आणि मेलामाइन दोन्ही पांढुरकी पडतात. दसऱ्यानंतर बघा. मेलामाइनच्या थिनरचा वास काही दिवस राहतो. घरात लहान मूल किंवा दम्याचं कुणी असेल तर शटरं उतरवून बाहेर कारखान्यातच करून घ्या.

बाकी एक खरं, तुमच्या फ्लॅटला पुराची भीती नसणार, म्हणजे माझ्या अर्ध्या पुराव्याचा तुम्हाला उपयोग नाही. आणि मॉड्युलरमध्ये सोय आहेच. गुडघे दुखायला लागल्यावर मीसुद्धा ओट्याखाली स्टीलच्या दोन ट्रॉल्या बसवून घेतल्या, ३०४ ग्रेडच्या, म्हणजे सहसा न गंजणाऱ्या. जाऊबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या आवर्जून दाखवतात. पण त्या ट्रॉल्यांपुढची शटरं अण्णांचीच आहेत.

सांगाडा कशाचा आहे आणि शटरं किती आहेत ते खाली लिहा, म्हणजे नीट हिशोब सांगता येईल.