वाचकांचे प्रश्न : काशानची पांढरी भांडी

प्रश्न : आमच्या कृष्णाकाठची माती भाजली की लाल होते. मग इराणातल्या काशानची जुनी भांडी आतूनही पांढरी कशी? – एक वाचक, सांगली

उत्तर : ती नावालाच मातीची! काशानच्याच कुंभार घराण्यातल्या अबुल कासिम काशानीने १३०१ मध्ये प्रमाण लिहून ठेवलंय : १० भाग गारगोटीची वस्त्रगाळ पूड, १ भाग काचेची पूड, १ भाग पांढरी माती. भट्टीत काच वितळते आणि गारगोटीचे कण सांधते. लाल रंग लोहामुळे येतो, म्हणून करून पाहायचं असेल तर नदीची माती नको. चिनी माती घ्या. या मिश्रणाचा चिकटपणा इतका कमी की चाकावर लगदा फाटतो. साच्यात दाबून करणं सोपं. गारगोटी कुटताना मात्र चांगला मास्क लावाच, ती धूळ फुप्फुसात साचते.