भांग रुंदावतोय? मिनॉक्सिडिलबद्दल वाचकांचे प्रश्न

केस विरळ होण्याबद्दल आलेल्या बहुतेक पत्रांत एकाच औषधाचं नाव आहे, मिनॉक्सिडिल. ते कसं, किती आणि कुठे लावायचं हे मात्र फार थोड्या जणींना नीट सांगितलं गेलेलं दिसतं. म्हणून या वेळचं सदर त्यावरच.

प्रश्न : वय ४१. दोन वर्षांत भांग रुंद झाला, वेणी निम्म्यावर आली. त्वचारोगतज्ज्ञांनी ५ टक्के मिनॉक्सिडिल रोज १ मिली लावायला दिलं. सहा आठवडे झाले आणि केस आधीपेक्षा जास्त गळताहेत. बंद करू का? (नाशिक)

नका करू. केसाचं मूळ काही वर्षं वाढतं आणि मग साधारण तीन महिने विश्रांती घेतं. विश्रांतीतला केस मुळाशी नुसता टेकलेला असतो. मिनॉक्सिडिल ही विश्रांती लवकर आटोपायला लावतं आणि खालून नवा केस निघाला की वरचा जुना सुटतो. म्हणजे पुढच्या दोन-तीन महिन्यांत एकेक करून जाणारे केस आता एकदम जाताहेत. ही गळती बहुधा २ ते ८ आठवड्यांत सुरू होते आणि काही आठवड्यांत ओसरते. पुष्कळ जणी नेमक्या याच वेळी बाटली ठेवून देतात आणि पदरी फक्त गळतीच पडते, याचं फार वाईट वाटतं.

केस महिन्याला सुमारे १ सेंटीमीटर वाढतो, त्यामुळे चार महिन्यांच्या आत आरशात काही शोधू नका. सुरुवातीला लव यावी तसे बारीक केस दिसतील, ते पुढे जाड होतात. औषध लागू पडलं की नाही, हे वर्षभरानं ठरवा. त्यासाठी आजच एक फोटो काढून ठेवा : धुतलेले कोरडे केस, मधोमध भांग, तीच खिडकी, तीच वेळ. पुढचा फोटो तीन महिन्यांनी. कंगव्यातले केस मोजत बसू नका, दिवसाला ५० ते १०० केस सगळ्यांचेच जातात.

गळती तीन महिन्यांनंतरही तशीच राहिली, गोल चकत्या पडल्या (चाई), डोक्याची त्वचा दुखू लागली, किंवा एखाद्या जागी ती गुळगुळीत होऊन केसांची छिद्रंच दिसेनाशी झाली, तर लगेच दाखवा. शेवटच्या प्रकारात मुळं कायमची जातात, तिथे दिवस मोलाचे असतात.

प्रश्न : माझे केस कमरेपर्यंत आहेत. औषध लावलं की सगळे चिकट होतात. लावायची नेमकी पद्धत सांगा. (कोल्हापूर)

केस चिकट होताहेत याचा अर्थ औषध केसांवर सांडतंय, त्वचेपर्यंत पोचत नाही. बाहेर आलेला केस निर्जीव असतो, त्याला या औषधाचा काही उपयोग नाही.

डोकं पूर्ण कोरडं हवं. ड्रॉपरमध्ये १ मिलीच्या खुणेपर्यंत औषध घ्या. शेपटीसारख्या दांड्याच्या कंगव्यानं कपाळाकडून माथ्याकडे मधला भांग पाडा, ड्रॉपरचं टोक त्वचेजवळ धरून चार-पाच थेंब ओळीनं सोडा आणि बोटाच्या टोकानं पसरवा. चोळायची गरज नाही. मग बोटभर अंतरावर उजवीकडे एक भांग, डावीकडे एक, असे पाच-सहा भांग झाले की १ मिली संपतं. कपाळाच्या कडेला आणि कानशिलांजवळ थेंब सोडू नका. शेवटी हात साबणानं धुवा.

त्यानंतर चार तास डोकं भिजवायचं नाही. रात्री लावत असाल तर झोपण्याच्या दोन ते चार तास आधी लावा, म्हणजे ते वाळेल आणि उशीला लागणार नाही. द्रावणात अल्कोहोल असतं, त्यामुळे ओलं असताना गॅस आणि निरांजनापासून दूर राहा. घरात मांजर असेल तर बाटली आणि उशीचा अभ्रा दोन्ही तिच्यापासून लांब ठेवा. हे औषध मांजरांना अगदी थोडं पोटात गेलं तरी जीवघेणं ठरतं.

स्प्रेच्या तोंडाची बाटली लांब केसांना सोयीची नाही, अर्धा फवारा केसांवरच बसतो. फोम, म्हणजे फेसाच्या रूपातलं हेच औषध, मिळाला तर तो चांगला. स्त्रियांसाठी ५ टक्के फोम दिवसातून एकदा, अर्धं टोपण एवढाच. बोटं आधी गार पाण्यानं धुऊन पुसून घ्या, नाहीतर तो हातावरच विरघळतो.

आपण बरोबर लावतो आहोत का, हे हिशेबानं कळतं. ६० मिलीची बाटली दिवसातून एकदा १ मिली लावल्यास ६० दिवस पुरते, दोनदा लावल्यास ३०. तुमची बाटली तीन-चार महिने चालत असेल तर औषध कमी पडतंय. उलट, एखाद्या दिवशी विसरलात म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट लावू नका.

प्रश्न : तेल लावायचंच नाही का? आणि मेंदी? (पुणे)

तेल जरूर लावा, पण औषधाच्या वेळेला नाही. खोबरेल तेल केसाची काडी जपते. मुळातून नवा केस आणणं त्याचं काम नाही. न्हाण्याच्या एक-दोन तास आधी तेल लावा, शांपूनं पूर्ण काढा, डोकं वाळलं की औषध. तेलकट त्वचेवर ते नीट शोषलं जात नाही. मेंदी किंवा रंग लावायच्या दिवशी औषधाला सुट्टी द्या आणि २४ तासांनी पुन्हा सुरू करा.

प्रश्न : डोक्याला खाज येते आणि पांढरा भुसा पडतो. गालांवर लवही वाढली आहे. (ठाणे)

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भुसा कधी कधी वाळलेल्या औषधाचाच असतो, तो धुतला की जातो. खाज आणि लाली मात्र बहुधा द्रावणातल्या प्रोपिलीन ग्लायकॉलमुळे (औषध विरघळवण्यासाठी घातलेला द्रव) होते. फोममध्ये ते नसतं, म्हणून डॉक्टरांना विचारून फोमवर या. फोमनंही तेच झालं तर खुद्द मिनॉक्सिडिलची अॅलर्जी असू शकते, मग थांबावं लागेल.

गालावरची लव कपाळावर ओघळलेल्या औषधानं, न धुतलेल्या हातानं किंवा उशीवरून आलेली असू शकते. काहींमध्ये रक्तात शोषलेल्या औषधानंही येते. २ टक्क्यांपेक्षा ५ टक्क्यांत हे जास्त दिसतं. औषध कमी किंवा बंद केल्यावर काही महिन्यांत ती जाते.

प्रश्न : हे मूळचं रक्तदाबाचं औषध आहे असं ऐकलं. माझा रक्तदाब कमी असतो. (नागपूर)

बरोबर ऐकलंत. गोळ्या घेणाऱ्या रुग्णांच्या अंगावर केस वाढताना दिसले, त्यातूनच हे लावायचं औषध निघालं. अमेरिकेत २ टक्के द्रावणाला पुरुषांसाठी १९८८ मध्ये आणि स्त्रियांसाठी १९९१ मध्ये मान्यता मिळाली. अखंड त्वचेतून ते फार थोडं शोषलं जातं, त्यामुळे ठरलेल्या मात्रेत रक्तदाब सहसा ढळत नाही. जखम, पुरळ किंवा उन्हानं भाजलेल्या त्वचेवर मात्र लावू नका. छातीत धडधड, चक्कर, पायांना सूज यांपैकी काही झालं तर औषध धुऊन टाका आणि डॉक्टरांकडे जा. हृदयविकार असेल तर आधी विचारूनच सुरू करा.

प्रश्न : बाळ चार महिन्यांचं आहे, अंगावर पितं. केस मूठमूठ जाताहेत. जाऊबाईंकडे बाटली आहे, ती वापरू का? (सोलापूर)

नको. बाळंतपणानंतर दोन ते चार महिन्यांनी होणारी गळती बहुतेकींची आपोआप थांबते, वर्षभरात केस पूर्ववत होतात. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना मिनॉक्सिडिल लावायचं नसतं. शिवाय बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा : आपल्याकडे मिनॉक्सिडिलसोबत फिनास्टेराइड हे टकलावरचं दुसरं औषध घातलेली द्रावणंही मिळतात. ती पुरुषांसाठी असतात आणि गर्भ मुलाचा असेल तर त्याच्या जननेंद्रियांच्या वाढीत फिनास्टेराइडमुळे बिघाड होऊ शकतो. पुन्हा दिवस राहण्याची शक्यता असलेल्या बाईनं ते हाताळूही नये.

तुम्ही हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्या. केसांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगून तपासणीच्या काही दिवस आधी थांबवा, त्यांनी थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

प्रश्न : दीड वर्षात भांग छान भरला. आता बंद केलं तर चालेल? (पणजी)

बंद केल्यावर तीन-चार महिन्यांत औषधानं आलेले केस गळू लागतात आणि भांग मूळ वाटेवर येतो. खर्च किंवा वेळ परवडत नसेल तर एकदम सोडू नका. दोनदा लावत असाल तर एकदावर येता येईल का, हे तुमच्या त्वचारोगतज्ज्ञांना विचारा.