कादंबरी पूर्ण आहे, लहान प्रकाशकांची यादीही काढली आहे, तरी पाठवणं होत नाही. हा आळस कसा घालवावा?

आळस कसला? आळशी माणसाच्या हातून कादंबरी पूर्ण होत नाही. तुम्ही टाळताय तो नकार, आणि त्याला ‘अजून एकदा हात फिरवतो’ असं भारदस्त नाव दिलंय.

आमच्या लेखनगटात एक ज्येष्ठ सर होते. त्यांचं पालुपद एकच: “घाई नको, मुरू दे.” माझा कथासंग्रह त्यांनी इतक्यांदा परत दिला की शेवटी मी नुसते स्वल्पविराम काढायचे आणि पुन्हा घालायचे. वर सर हेही ऐकवायचे, की लहान प्रकाशकाकडे गेलेलं पुस्तक बुडालंच समज. गटातल्या एका मैत्रिणीची कादंबरीही अशीच पडून होती. एका संध्याकाळी आम्ही अदलाबदल केली. तिच्या मेलवरून तिचं हस्तलिखित मी पाठवायचं, माझं तिने. दुसऱ्याचं पाठवताना हात मुळीच अडखळत नाही! तिचा सारांश मी एका बैठकीत लिहिला. स्वतःच्या कथांबद्दल मात्र मला धड दोन ओळी सुचत नव्हत्या.

माझ्या कथा पहिल्या प्रकाशकाने नाकारल्या, पण कुठली कथा आधी यायला हवी ते कळवून. लहान संस्थेत हस्तलिखित वाचणारा, संपादन करणारा आणि वितरकाच्या मागे लागणारा बहुधा एकच माणूस असतो, म्हणून असं उत्तर कधीतरी मिळतं. पुढे दुसऱ्याने संग्रह घेतला आणि संपादनात ते सगळे स्वल्पविराम त्याने आपल्या मर्जीने बदलले. सरांना हे सांगितलं तर म्हणाले, “अजून थोडं थांबली असतीस तर…” कशासाठी थांबायचं होतं? त्यांचं स्वतःचं एकही पुस्तक आलेलं नाही.

तर असा कुणी मित्र गाठा. सारांशात शेवट लपवू नका, सगळे नवखे तेच करतात. नमुना म्हणून सुरुवातीचीच प्रकरणं द्या, मधली लाडकी नकोत. एकाच वेळी अनेकांना पाठवत असाल तर पत्रात तसं लिहा आणि कुणी होकार दिला की बाकीच्यांना लगेच कळवा. चोरीच्या भीतीने अडला असाल तर लेखकांच्या कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय बर्न करार 1886 चा आहे. त्यातल्या देशांत लिहिल्याक्षणी हक्क तुमचा, नोंदणीची अट नाही.

हां, पहिला खर्डा कुणालाही पाठवू नका, तेवढं सरांचं खरं. प्रकाशकाची दोन-तीन पुस्तकं आधी वाचा. फक्त कविता छापणाऱ्याला कादंबरी पाठवून उपयोग नाही. काही जण वर्षातले ठरावीक महिनेच हस्तलिखितं घेतात, तेही बघा. आणि छपाईचे पैसे मागितले किंवा अमुक प्रती तुम्हीच विकत घ्या म्हटलं, तर तो प्रकाशक यादीतून काढा.