पप्पांची फाइल आणि मातीचं मडकं

ताई, प्रभूमध्ये सलाम. माझे पप्पा निवृत्त शिक्षक. आमच्या मंडळीची दफनभूमीलगतची जागा विकायला काढली, तेव्हा कारभारी मंडळात ते एकटे विरोधात उभे राहिले. चार वर्षं अर्ज लिहीत होते. लोकांनी बोलणं टाकलं, घरच्या प्रार्थनेला कुणी येईना. जागा गेलीच. गेल्या पावसाळ्यात पप्पाही गेले. मातीला जेमतेम तीस-चाळीस माणसं. भाऊ म्हणतो, ती फाइल जाळ आणि सगळ्यांशी जुळवून घे. आई म्हणते, ईस्टरला पहाटे कबरीवर चल. मला तिथं 'तो उठला आहे' म्हणवणार नाही. पप्पा खरं बोलले आणि हरले. मग साक्षीला अर्थ काय?
– एक लेक, नगर जिल्हा

प्रिय लेकी, सलाम.

'ते आता प्रभूजवळ सुखात आहेत' एवढं म्हणून मी तुला गप्प करणार नाही. माझा त्यावर विश्वास आहे, पण दुखावलेल्या माणसाचं तोंड बंद करायला ते वाक्य आपण फार वापरलंय. पप्पा हरले असं तू लिहिलंस, ते तसंच राहू दे. जागा गेली, त्याला विजय कशाला म्हणायचं?

जमिनीचं वाचलं आणि मला यिर्मया संदेष्टा आठवला. इ.स.पू. 587 च्या सुमाराची गोष्ट. बाबेलच्या फौजेचा यरुशलेमेला वेढा आणि यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत. तिथं चुलतभाऊ हनामेल आला आणि म्हणाला, अनाथोथमधलं माझं शेत विकत घे. अनाथोथ म्हणजे यिर्मयाचं स्वतःचं गाव, आणि परमेश्वराच्या नावानं बोलू नकोस, नाहीतर मरशील, अशी धमकी पूर्वी त्याच गावकऱ्यांनी दिली होती. तरी यिर्मयानं 17 शेकेल चांदी तागडीत तोलून दिली, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. खरेदीखताची एक प्रत मोहरबंद, एक उघडी. दोन्ही मातीच्या मडक्यात ठेवायला त्यानं आपला लेखनिक बारूख याला सांगितलं, पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून. या देशात घरं, शेतं, द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील, असा देवाचा शब्द होता.

त्यानंतरची प्रार्थना मला फार जवळची वाटते. व्यवहार उरकल्यावर यिर्मया देवाला विचारतो, शहर शत्रूच्या हाती चाललंय आणि तू मला शेत घे म्हणतोस? सह्या झाल्या तरी मन शांत झालं नव्हतं. त्या शेतात त्यानं कधी नांगर घातल्याचं शास्त्रात नाही. शहर पडलं, लोकांनी त्याला मिसरात नेलं, आणि तो कुठं, कसा मेला हेसुद्धा शास्त्र सांगत नाही. पप्पांचे अर्ज मला त्या मडक्यातल्या खतासारखे वाटतात.

आता एका गोष्टीवर तुझ्याशी भांडते. 'तो उठला आहे' म्हणणं म्हणजे झालंगेलं विसरणं, असं तू धरून चालली आहेस. उठलेल्या प्रभूनं आपल्या शिष्याला, थोमाला, काय दाखवलं? खिळ्यांचे व्रण. देवानं ज्याला उठवलं, त्याला माणसांनी रीतसर दोषी ठरवून मारलं होतं. तो निकाल देवानं फिरवला. शिक्षा देणाऱ्या रोमी सुभेदाराचा, पिलाताचा, शब्द शेवटचा ठरला नाही. पौल करिंथकरांना पहिल्या पत्राचा 15 वा अध्याय सगळा पुनरुत्थानावर लिहितो आणि शेवटी येतो कुठं, तर श्रमांवर. प्रभूमध्ये केलेले श्रम फुकट जात नाहीत, म्हणतो. त्या श्रमांत तुझ्या पप्पांचे अर्ज आहेत, असं मी अगदी मनापासून मानते.

म्हणून फाइल जाळू नकोस. यहोयाकीम राजानं यिर्मयाच्या संदेशांची गुंडाळी चाकूनं कापून शेगडीत टाकली, तेव्हा ती पुन्हा लिहायला बारूख होता. तुझ्याकडे कोण आहे? भावाशी वाद घालू नकोस, त्याला त्याच लोकांत राहायचंय आणि तो घाबरलाय. फाइल तुझ्या घरी घेऊन ये. जागा नोंदणीकृत विश्वस्त संस्थेच्या नावावर असेल, तर ती विकायला महाराष्ट्रात 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम 36 नुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. ती घेतली होती का, ते एखाद्या जाणत्या वकिलाला पाहू दे. पुढं लढायचं की नाही, ते सावकाश ठरव. पप्पांचे कागद तुझ्याकडे आलेत, म्हणून त्यांची लढाईही तुझ्यावर आली असं मुळीच नाही.

आणि ती तीस-चाळीस माणसं. यिर्मयाला चिखलाच्या टाक्यात टाकलं होतं, तिथून त्याला वर ओढताना राजवाड्यातला सेवक एबद-मलेख यानं आधी जुन्या चिंध्या खाली सोडल्या, काखेत धर म्हणाला, दोर रुतू नयेत म्हणून. मातीला आलेल्यांत असं कुणीतरी नक्की असेल. त्यांची नावं आठवून लिहून काढ, आणि आईला घेऊन एकेकाच्या घरी चहाला जा.

ईस्टरला आईबरोबर जा. गीत म्हणवलं नाही तर म्हणू नकोस. त्या पहिल्या पहाटे कबरीकडे निघालेल्या बायकाही गात गेल्या नव्हत्या. हातात सुगंधी द्रव्यं होती आणि धोंड कोण लोटणार याची काळजी. मग्दालीया मरीया तर रडत उभी होती. समोर प्रभू उभा, तरी तिला तो माळी वाटला, नावानं हाक मारीपर्यंत.

जाताना एक सतरंजी ने. पहाटे दगड गार असतात आणि आईला खाली बसावं लागेल.

– तुझी ताई