पाचही स्पीकर वाजलेच पाहिजेत का?

घरचा आवाज : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, नमस्कार. मी निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूरला राहतो. दिवाळीला मुलानं ५.१ चा रिसीव्हर, पाच स्पीकर, सबवूफर आणि एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी) वाजवणारा ब्लू-रे प्लेअर आणून दिला. मी हौसेनं परदेशातून दोन एसएसीडी मागवल्या. एक व्हायोलिन-पियानोची, दुसरी पं. विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकी गिटारवादक राय कूडर यांची. दोन्ही वाजतात, पण समोरच्या दोनच स्पीकरमधून. रिसीव्हरवर ‘पीसीएम ४४.१’ अशी अक्षरं येतात. ओळखीचा एक दुकानदार म्हणतो, डिस्क नकली आहेत. मला अजून डिस्क घ्यायच्या आहेत, पण पेन्शनीतले पैसे वाया जायला नकोत. काय बघून घ्याव्यात? आणि आपलं शास्त्रीय संगीत अशा डिस्कवर मिळतं का?

उत्तर : सर, डिस्क नकली नाहीत. रिसीव्हरवरचा आकडा तुम्ही न चुकता लिहून पाठवलात, त्यामुळे काय झालंय ते इथे बसूनही कळतं. पीसीएम ही आवाज आकड्यांत मांडण्याची नेहमीची डिजिटल पद्धत, आणि ४४.१ (किलोहर्ट्झ) म्हणजे साध्या सीडीचा आकडा. सोनी आणि फिलिप्स यांनी १९९९ मध्ये एसएसीडी आणली. पुढे तिच्या बहुतेक डिस्क ‘हायब्रिड’ निघाल्या. एकाच चकतीत दोन थर असतात. एक थर नेहमीच्या सीडीचा, तो कुठल्याही सीडी प्लेअरवर वाजतो. दुसरा थर खरा एसएसीडीचा. त्यात दोन चॅनलचं ध्वनिमुद्रण असतं, आणि डिस्क मल्टी-चॅनल असेल तर सहापर्यंत चॅनलचं वेगळं ध्वनिमुद्रणही असतं. तुमचा प्लेअर सध्या सीडीचा थर वाचतोय. एसएसीडीचा थर वाचला जात असेल तेव्हा रिसीव्हरवर ‘डीएसडी’ (एसएसीडीची स्वतःची डिजिटल पद्धत) दिसेल, किंवा पीसीएम ८८.२ अथवा १७६.४.

आधी मागची वायर बघा. प्लेअर ते रिसीव्हर ऑप्टिकल वायर असेल तर ती काढा आणि एचडीएमआय लावा. एसएसीडीचं बहुचॅनल ध्वनिमुद्रण ऑप्टिकलमधून बाहेर पडत नाही. नंतर प्लेअरच्या सेटिंगमध्ये ऑडिओच्या पानावर जा. एसएसीडीचा कोणता थर वाजवायचा आणि दोन चॅनल की मल्टी-चॅनल, हे तिथे विचारलेलं असतं. पहिल्या ठिकाणी एसएसीडी निवडा, दुसऱ्या ठिकाणी मल्टी. तिथेच डीएसडी जसंच्या तसं बाहेर पाठवायचं का, असाही पर्याय असतो. तो बंद ठेवा, म्हणजे प्लेअर पीसीएम करून पाठवेल. कागदावर डीएसडी भारी वाटतं हे खरं. पण बऱ्याच रिसीव्हरमध्ये थेट डीएसडी वाजवताना स्पीकरचं अंतर आणि बास सबवूफरकडे वळवण्याची सोय चालत नाही. तुमचे स्पीकर छोटे असतील तर त्या सोयीशिवाय आवाज पोकळ लागेल.

एवढं केल्यावर व्हायोलिनची डिस्क बहुधा पाचही स्पीकरमधून वाजेल. भट्टांची मात्र तेव्हाही दोनातूनच वाजेल, आणि तसंच वाजायला हवं. ते ध्वनिमुद्रण कॅलिफोर्नियात सांता बार्बरा इथल्या एका चॅपलमध्ये, एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या दोन मायक्रोफोनच्या जोडीवर झालं. १९९४ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. त्याची एसएसीडी निघाली ती स्टिरिओच. रिसीव्हरवर ‘ऑल चॅनल स्टिरिओ’ दाबून ती पाचही स्पीकरमधून वाजवता येईल, पण कृपा करून तसं करू नका. मोहनवीणा आणि गिटार समोर जिथे वाजतात तिथेच राहू द्या. त्या चॅपलची घुमही दोन स्पीकरांत पुरेपूर आलेली आहे.

आता काय बघून घ्यावं. एसएसीडी म्हणजे बहुचॅनल, असं गृहीत धरू नका. वेष्टनाच्या मागे ‘मल्टी-चॅनल’ किंवा ‘सराउंड’ (चहूबाजूंनी येणारा आवाज) छापलेलं दिसलं तरच घ्या. जपानहून येणाऱ्या एसएचएम-एसएसीडी महाग असतात, बहुधा फक्त स्टिरिओ असतात, आणि त्यात सीडीचा थर नसल्यामुळे साध्या प्लेअरवर वाजतही नाहीत. ‘प्युअर ऑडिओ’ नावानं २०१३ पासून एका मोठ्या कंपनीनं ब्लू-रे काढल्या, त्यांचीही हीच गोष्ट. मेनूत तीन पर्याय दिसतात, पण बऱ्याच डिस्कवर तेच स्टिरिओ ध्वनिमुद्रण तीन वेगवेगळ्या पद्धतींनी भरलेलं असतं. जुन्या डिस्क विकत घेणार असाल तर डिस्कॉग्ज या डिस्कच्या नोंदींच्या संकेतस्थळावर प्रत्येक आवृत्तीची नोंद वेगळी असते. तिथे ‘हायब्रिड’ आणि ‘मल्टीचॅनल’ हे दोन्ही शब्द आहेत का ते बघा. विकणाऱ्याकडून मागच्या बाजूचा फोटो मागवा आणि कॅटलॉग क्रमांक जुळवूनच पैसे भरा. एकाच अल्बमच्या पाच आवृत्त्या असतात आणि त्यातली एखादीच बहुचॅनल असते.

डीव्हीडी-ऑडिओ २००० मध्ये आली. आता ती जवळपास जुन्या बाजारातच मिळते, पण स्वस्त मिळाली तर सोडू नका. तिच्यातलं २४ बिट-९६ किलोहर्ट्झचं मूळ ध्वनिमुद्रण वाजवायला तसा प्लेअर लागतो. मात्र बहुतेक डिस्कवर साध्या डीव्हीडी प्लेअरसाठी डॉल्बी किंवा डीटीएसचा ट्रॅकही असतो. दाबलेला (कॉम्प्रेस्ड) असला तरी तो ५.१ च असतो. डीटीएस सीडी नावाचा एक जुना प्रकार आहे, तो साध्या सीडी प्लेअरवर लावला की नुसती खरखर येते. घाबरू नका, रिसीव्हर ती उलगडतो. एसएसीडीला रिजन कोड (डिस्क कुठल्या देशांत चालेल ते ठरवणारी खूण) नसतो. डीव्हीडीत भारत रिजन ५ मध्ये आणि ब्लू-रेत सी मध्ये येतो. संगीताच्या ब्लू-रे बहुधा सगळीकडे चालतात, तरी मागवण्याआधी विचारून घ्या. पार्सलवर सीमाशुल्क लागू शकतं आणि टपालखर्च तर लागतोच. म्हणून एकेक मागवण्यापेक्षा तीन-चार डिस्क एकत्र मागवा.

या सगळ्यापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते हे की सराउंड मिश्रण (मिक्सिंग) कोणी केलं आणि कशासाठी केलं. त्यावरूनच मागच्या स्पीकरमधून काय येणार ते ठरतं. बिस, पेंटाटोन, शँडोस, चॅनल क्लासिक्स या कंपन्या पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत काढतात. त्यांच्या डिस्कवर वाद्यवृंद समोर असतो, मागून येतो तो फक्त सभागृहाचा श्वास. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, मागचे स्पीकर बंदच आहेत. ते बंद करून बघा, भिंती जवळ आल्यासारखं वाटेल. नॉर्वेच्या टू-एल कंपनीचे मॉर्टन लिंडबर्ग अगदी वेगळं करतात. ते मायक्रोफोनभोवती गायक-वादकांना गोलाकार बसवतात, म्हणजे ऐकणारा मधोमध. त्यांच्या ‘लुक्स’ या अल्बमला २०२० मध्ये ‘इमर्सिव्ह ऑडिओ’ (आधीचा सराउंड) विभागाचं ग्रॅमी मिळालं. त्यांच्या पाकिटात बऱ्याचदा एसएसीडी आणि ब्लू-रे दोन्ही असतात. पाश्चात्त्य गायन कधीच ऐकलं नसेल तरी ‘लुक्स’मधलं मुलींचं समूहगान एकदा ऐकाच. चारही बाजूंनी माणसाचा गळा ऐकू येणं काय असतं, ते मला शब्दांत सांगता येत नाही.

काही डिस्कवर काही स्पीकर गप्प राहतात, तो बिघाड नव्हे. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या आरसीए कंपनीनं बरीच ध्वनिमुद्रणं तीन ट्रॅकवर केली. ‘लिव्हिंग स्टिरिओ’ मालिकेच्या एसएसीडीवर ती समोरच्या तीन स्पीकरमधून येतात, मागे शांतता. १९७० च्या दशकातली चार चॅनलची ध्वनिमुद्रणं इंग्लंडच्या डटन व्होकॅलियन कंपनीनं पुन्हा काढली आहेत, बऱ्याचदा एका डिस्कवर दोन अल्बम. त्यांत मधला स्पीकर आणि सबवूफर यांना काम नसतं. या वाजवून कोणी तुमचा रिसीव्हर दुरुस्तीला नेऊ लागला तर नेऊ देऊ नका.

रॉक ऐकत असाल तर डायर स्ट्रेट्सच्या ‘ब्रदर्स इन आर्म्स’ची २००५ ची एसएसीडी शोधा. चक एन्ले यांच्या त्या मिश्रणाला सराउंडचं ग्रॅमी मिळालं आहे. पिंक फ्लॉइडच्या ‘डार्क साइड ऑफ द मून’ची २००३ ची एसएसीडीही शोधण्याजोगी, मिश्रण जेम्स गथ्री यांचं.

आपल्या शास्त्रीय संगीताबद्दल मन घट्ट करून सांगते : बहुचॅनल डिस्क अगदीच थोड्या आहेत. जुन्या गवयांची ध्वनिमुद्रणं मोनो किंवा स्टिरिओ आहेत. ती कोणी ‘५.१’ लिहून विकत असेल तर नंतर कृत्रिम पसरवलेली असतात. तबला डाव्या कानामागे आणि तानपुरा छतात. हे पैसे चांगल्या स्टिरिओ सीडीवर घाला. मला मात्र आतून वाटतं की सराउंडची खरी गरज आपल्याच मैफलीला आहे. हुतात्मा स्मृती मंदिरात मधल्या रांगेत बसलं की दोन तानपुऱ्यांचा नाद पाठीमागूनही येतो, समेला मागच्या रांगेतून ‘वाहवा’ येते. हे टिपायला पाच मायक्रोफोन आणि एक जाणता माणूस पुरे. आपल्या ध्वनिमुद्रकांनी हे करावं, मी पहिली प्रत विकत घेईन.

प्रश्न : आमचं साखर पेठेत जुनं घर आहे. खाली शहाबादी फरशी, भिंती दगडी. सुतारानं मागचे दोन स्पीकर छताच्या कोपऱ्यात बसवलेत. सिनेमा बरा वाटतो, गाण्याची डिस्क लावली की गोंगाट होतो. भिंतीला सोलापुरी चादर लावून उपयोग होईल का?

उत्तर : होईल, पण आधी स्पीकर खाली आणा. संगीताच्या डिस्क तयार करणारे ज्या मांडणीत ऐकतात तिच्यात पाचही स्पीकर कानाच्या उंचीवर आणि सारख्या अंतरावर असतात. तुम्ही समोर बघत बसलात की डावा-उजवा ३० अंशांवर, मागचे सुमारे ११० अंशांवर. म्हणजे पाठीमागे नव्हे, खांद्यांच्या जरासे मागे. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या निम्म्या संचांना काहीच झालेलं नसतं, फक्त मागचे स्पीकर छताला टांगलेले असतात. खोलीत अंतर सारखं जमत नसेल तर टेपनं मोजून रिसीव्हरमध्ये भरा. एका मीटरला आवाजाला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात, तेवढं तो सांभाळून घेतो.

चादरीचं म्हणाल तर जॅकार्डची जाड चादर भिंतीपासून चार बोटं पुढे, चुण्या पाडून टांगा. अगदी चिकटवून लावली तर निम्मा फायदा जातो. दुसरी फरशीवर, समोरचे स्पीकर आणि तुमची बैठक यांच्या मध्ये. टाळी वाजवून बघा, झणझण कमी झालेली कळेल. बासची घुम मात्र चादरीनं हटत नाही. त्यासाठी सबवूफर कोपऱ्यातून बाहेर काढा आणि दोन-तीन जागी ठेवून ऐका.

प्रश्न : मोबाइलवर डॉल्बी ॲटमॉसमध्ये (चहूबाजूंनी आणि वरूनही आवाज देणारी पद्धत) हवी ती गाणी मिळतात. मग ताई, डिस्क कशाला घ्यायची? (विद्यार्थी, होटगी रोड)

उत्तर : मोबाइलवर येणारं ॲटमॉस दाबलेलं असतं, सेकंदाला सुमारे ७६८ किलोबिट. ब्लू-रेवर तेच डॉल्बी ट्रूएचडीमध्ये, काहीही न गाळता भरलेलं असतं. हेडफोनवर हा फरक फारसा कळणार नाही, पाच चांगल्या स्पीकरवर कळतो. तुला पैसे जपायचे असतील तर आधी मोबाइलवर अल्बम पूर्ण ऐक, मन भरलं तर डिस्क घे. फक्त एक लक्षात ठेव, जुन्या एसएसीडीवरचं ५.१ आणि आताचं ॲटमॉस ही बऱ्याचदा वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या काळात केलेली मिश्रणं असतात.

प्रश्न : उन्हाळ्यात डिस्क खराब होतात का? धूळही फार बसते.

उत्तर : गच्चीखालच्या भिंतीतल्या कपाटात ठेवू नका. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि ती भिंत रात्रीही तापलेली असते. गाडीत तर मुळीच नको. डिस्क डबीत, उभ्या ठेवा. धूळ बसली तर साध्या पाण्यानं धुऊन मऊ सुती कापडानं मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवू नका. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश काढायचं पाणी यातलं काहीही लावू नका.