संशोधनाचा पेपर छापला की त्यामागचा डेटा आणि कोडही (आकडेमोडीचा प्रोग्राम) खुला का करावा?

पेपर पुरेसा नाही का, असं कुणी विचारेल. नाही. पेपरमध्ये निष्कर्ष असतो. तो कसा निघाला हे डेटा आणि कोड हाती आल्यावरच तपासता येतं.

२०१० मध्ये राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी मांडलं, की सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं की अर्थव्यवस्थेच्या वाढीचा सरासरी दर उणे ०.१ टक्क्यावर येतो. पुढे थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांच्याकडे एक्सेल फाइल मागितली. त्यांनी ती दिली, हे त्यांचं मोठेपण. पाहतो तर सरासरीच्या सूत्रातून पाच देशांच्या ओळी सुटलेल्या! ती आणि इतर त्रुटी दुरुस्त केल्यावर २०१३ मध्ये दर निघाला २.२ टक्के.

आपल्या ठाणे खाडीचंच बघा. ऐरोलीला फ्लेमिंगो मोजणारे हौशी पक्षीनिरीक्षक नोंदी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकतात, आणि ठाण्यातल्या कॉलेजची मुलगी प्रोजेक्टसाठी तो डेटा फुकट मागवू शकते. पण नुसती फाइल टाकून भागत नाही. कुठला कॉलम कशाचा, मोजणी भरतीला केली की ओहोटीला, हे सोबत लिहाच. रुग्णांची माहिती असेल तर मात्र सरसकट खुली करू नका.

झेनोडो या डेटा आणि कोड ठेवण्याच्या मोफत संकेतस्थळावर टाकलंत तर डीओआय, म्हणजे त्या फाइलचा कायमचा ओळख क्रमांकही मिळतो, म्हणजे वापरणाऱ्याला तुमचा उल्लेख नीट करता येतो.