फिजिकल केमिस्ट्रीत ५४ मार्क, तरी तीच घ्यायची?

प्रश्न: मुलगी म्हापशाच्या कॉलेजात टीवाय बीएस्सीला आहे. एमएस्सीला फिजिकल केमिस्ट्रीच घेणार म्हणते, आणि मार्क त्याच पेपरात कमी, ५४. माझा भाऊ वेर्ण्याला औषध कंपनीत आहे. तो म्हणतो, ॲनालिटिकल घे, फिजिकलवाल्यांना शिकवण्यापलीकडे काम नाही. काय करावं?
एक आई, डिचोली

ताई, तुमची लेक ज्याचं समीकरण पाठ करते, त्या स्वान्ते अऱ्हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाची गोष्ट आधी ऐका. आगरवाड्याच्या मिठागरातलं कोरडं मीठ वीज वाहून नेत नाही, शुद्ध पाणीही जवळजवळ नाहीच. मीठ पाण्यात विरघळलं की मात्र वीज वाहते. हे का, याचा प्रबंध त्यानं १८८४ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात दिला. परीक्षकांना तो पटला नाही, अगदी खालचा दर्जा मिळाला. घरी बसून कुढण्याऐवजी त्यानं प्रती परदेशातल्या नामवंतांना पोस्टानं धाडल्या. त्यातले रसायनशास्त्रज्ञ ओस्टवाल्ड प्रबंध वाचून त्याला भेटायला थेट उप्सालाला आले! पुढे रीगा, व्युर्ट्सबुर्ग, ग्रात्स, ॲमस्टरडॅम अशा ठिकाणी जाऊन तो शिकला, पाण्यात मिठाचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, सुटे होतात आणि तेच वीज वाहतात, हा सिद्धांत १८८७ मध्ये पक्का मांडला आणि त्याच कामाला १९०३ चं नोबेल मिळालं.

पण लेकीला ही गोष्ट ५४ मार्कांवरचं पांघरूण म्हणून सांगू नका. तिचे मार्क कुठे गेले ते बघा. थिअरी लिहिताना गेले असतील तर भरून निघतील. लॉग आणि डेरिव्हेटिव्हपाशी अडत असेल तर आताच गणिताची शिकवणी लावा, कारण एमएस्सी प्रवेशासाठीच्या आयआयटीच्या ‘जॅम’ परीक्षेत आणि पुढे प्राध्यापकी-संशोधनासाठीच्या ‘नेट’ परीक्षेत तिथेच गाडी अडते. गोवा विद्यापीठाचा पर्याय ताळगावच्या पठारावर आहेच.

आता तुमच्या भावाचं. एमएस्सी होताच वेर्ण्यात नोकरी धरायची असेल तर त्याचा सल्ला चूक नाही, ॲनालिटिकलचं दार लवकर उघडतं. पीएचडीची तयारी असेल तर बॅटरी, गंज, क्रियेचा वेग वाढवणारे कॅटॅलिस्ट या सगळ्यांचं मूळ फिजिकलमध्येच आहे. आपल्या खाऱ्या हवेत गंजाला तोटा नाही.

मात्र ‘शिकवण्यापलीकडे काम नाही’ हे मला मान्य नाही. वैशाखात बर्फाविना ठेवलेला बांगडा दुपारपर्यंत का नासतो? उष्णता वाढली की रासायनिक क्रियेचा वेग झपाट्यानं वाढतो. ते गणित अऱ्हेनियसनं १८८९ मध्ये मांडलं; लेक पाठ करते ते समीकरण हेच. औषध कंपन्या गोळ्या ४० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवून त्या किती टिकतील याचा अंदाज घेतात, तो याच तत्त्वावर. भावाच्या कंपनीतही अशी स्टॅबिलिटी चेंबर असतील. परवानगी मिळत असेल तर चतुर्थीच्या सुट्टीआधी भाचीला एकदा ती दाखवायला सांगा, आणि घरी आल्यावर ती काय विचारते ते मला कळवा.